भोईर मॅडम आणि विकतचा नावलौकिक

बदलापूरहून प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या बाजारात भाजी घेत होतो. “काका, आत्या गेली,” एवढंच ती म्हणाली. सुलभा भोईर, आमच्या सहकारी बँकेच्या निवृत्त मुख्य लेखापाल, सकाळचा चहा घेता घेता गेल्या. त्याला आता महिना उलटला. हिशेब विभागात मी त्यांच्या हाताखाली वाढलो. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, आणि इथेही मला दुसरं काही लिहिता येणार नाही.

मॅडम मूळच्या जांभूळ गावच्या, आगरी शेतकऱ्याच्या घरातल्या. लावणीच्या दिवसांत पायांचा चिखल धुऊन कॉलेज गाठलेली ही मुलगी. बोलायच्या हळू, कौतुक करायच्या त्याहून हळू. दोन ओळींच्या टिपणासाठी त्यांनी मला तीनतीनदा परत पाठवलंय, आणि तेव्हा त्यांचा रागही आलाय. पण शिकवायला बसल्या की विषय सोपा व्हायचा. इमारत, तिजोरी, टेबल यांना हात लावून बघता येतं. सॉफ्टवेअरचा परवाना किंवा नावलौकिक यांना तसं बघता येत नाही, तरी तीही मालमत्ताच, असं त्या सांगायच्या. आणि वर म्हणायच्या, “ज्याला हात लावता येत नाही, त्याला जास्त प्रश्न विचारायचे.”

त्यांची खरी परीक्षा झाली ती आमच्या बँकेने उल्हासनगरची एक छोटी बँक घेतली तेव्हा. देणी वजा जाता त्या बँकेचं जे मोल निघत होतं, त्याहून बरीच जास्त किंमत आम्ही मोजली होती. तिथले सिंधी व्यापारी बापजाद्यांपासून त्याच बँकेत व्यवहार करत आलेले. ते आता आपले होतील, हा हिशेब. ती जादा रक्कम आमच्या ताळेबंदात ‘नावलौकिक’ म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसली. दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकायची, असं ठरलं. आणि मग आमच्या वरिष्ठांनी पहिलं काम काय केलं, तर तिथले जुने मॅनेजर लालवानी यांची बदलापूरला बदली केली.

वर्षभरात त्या शाखेतल्या ठेवी ओसरायला लागल्या. ऑफिसात सगळे म्हणत, बाजारच मंदावलाय. मॅडमना ते पटेना. एका दुपारी मला घेऊन त्या रिक्षाने उल्हासनगरला गेल्या आणि कापडाच्या दुकानांतून एकेक खातेदार गाठून बोलत राहिल्या. बाजारात गर्दी नेहमीचीच होती. एका वयस्कर दुकानदाराने आम्हाला बसवून घेतलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, “मॅडम, आपने बँक तो ले ली. लेकिन हम बँक के पास थोडी आते थे, लालवानी के पास आते थे.” परतताना रिक्षा अंबरनाथला थांबली. उतरताना मॅडम म्हणाल्या, “सावंत, आपण जे विकत घेतलं ते तिथे राहिलेलंच नाही. मग मी ते आहे असं कसं लिहू?”

संचालक मंडळापुढे त्यांनी मांडलं की, नावलौकिकाची उरलेली सगळी रक्कम याच वर्षी खर्ची टाकावी. म्हणजे नफा पुसला जाणार, सभासदांना लाभांश नाही. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. बँक त्यांनीच उभी केली होती. हप्त्याहप्त्याने टाकायची मुभा असताना घाई कशाला, असं त्यांनी परोपरीने समजावलं. महाव्यवस्थापकाची जागा रिकामी होतेय आणि त्यासाठी मॅडमच्याच नावाचा विचार चाललाय, याचीही त्यांनी जाता जाता आठवण करून दिली. मॅडम म्हणाल्या, “साहेब, असलेल्या वस्तूला हप्ते पाडतात. नसलेल्या वस्तूला कसले हप्ते?” लेखापरीक्षकांनीही शेवटी तेच मान्य केलं.

वार्षिक सभा तापली. एमआयडीसीतले कामगार, आसपासच्या गावांतले शेतकरी, निवृत्त शिक्षक, सगळे लाभांशाच्या आशेने आलेले. मोरिवलीचे एक म्हातारे सभासद उठले आणि त्यांनी थेट विचारलं, “पोरी, मंग आमचा पैसा खाल्ला कुणी?” मॅडम मंचावरून खाली उतरल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या घरच्या बोलीत म्हणाल्या, “कुणी नाय खाल्ला, काका. आपण लोकांचा इश्वास इकत घेतला, आन तो सांभाळला नाय. चूक बँकेची हाय, आन बँकेत मी पन हाय.” “खरं बोललीस,” म्हातारबुवा म्हणाले, आणि बसले. बदलीची हकीकत कळल्यावर, लालवानींना परत आणा, ही मागणी त्याच सभेत सभासदांनी लावून धरली.

महाव्यवस्थापकाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. त्या दिवशी मॅडमनी डबा न उघडता घरी परत नेला, तेवढं मला दिसलं... लालवानी मात्र उल्हासनगरला परतले, आणि हळूहळू व्यापारीही. मग एका संचालकांनी उत्साहाने सुचवलं, आता तो नावलौकिक पुन्हा ताळेबंदात घेऊ या. मॅडमना इतकं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं. विकत घेतलेला नावलौकिक मांडता येतो, स्वतः कमावलेला नाही, असा नियमच आहे, हे सांगून त्या म्हणाल्या, “त्याची किंमत आपण नाही लावायची. लोक लावतात.”

गेल्या आठवड्यात बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. भाची प्रज्ञाने पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजारी बशीत भाजलेला पापड. मी बघतच राहिलो. उल्हासनगरच्या सिंधी घरांत आल्यागेल्याला पाण्याबरोबर पापड देतात. ती रीत या आगरी घरात कधी आली ते मला ठाऊक नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, लालवानी दर महिन्याला पापड पाठवतात, परवाही पाठवले, आणि आत्याचा नियमच होता, की कोणाला नुसतं पाणी द्यायचं नाही. बोलता बोलता ती स्वयंपाकघराकडे वळली. मी पापड मोडला. त्या शांत खोलीत त्याचा आवाज केवढा तरी झाला... आणि सवयीने मी वर पाहिलं, आता मॅडम विचारतील, “अजून एक भाजू का, सावंत?”