सुमनवहिनींची सरकी पेंड

दूध मंडळीत, म्हणजे गुजरातेतल्या दूध सोसायटीत, काम करणाऱ्याकडे किस्से शेणासारखे साचतात. वेळेवर उपसले नाहीत तर वास सुटतो! माझ्याकडचे बहुतेक सुमनवहिनींचे. मूळच्या धुळ्याकडच्या, नवरा सुरतेजवळ भेस्तानला लूमवर कामाला, आणि वहिनी इकडे कडोदऱ्याजवळ तीन म्हशी सांभाळतात. माझं काम, जनावरांना काय आणि किती चारायचं ते सांगणं.

*

पहिल्या भेटीत मी तासभर नायट्रोजनवर लेक्चर झोडलं. अंगी न लागलेलं प्रोटीन मुतातून बाहेर पडतं, त्यातला नायट्रोजन थोडा हवेत जातो, थोडा विहिरीत. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी इकत पेंड आनस, आनि म्हैस ती मुतीसन वाया घालस?"

आता सगळ्या गावांत माझं लेक्चर एवढंच असतं!

*

पण पेंड काही कमी होईना. टोपलं भरभरून सरकी. म्हटलं, "वहिनी, मोजून घाला." त्या भडकल्याच.

"बायंतीनले कोनी मोजीसन वाढस का, भाऊ?"

ही माया कुठल्या तक्त्यात बसवणार? मी चहा पिऊन निघालो.

*

एकदा, एक म्हैस नुकतीच आजारातून उठली होती तेव्हा, आमच्या ऑफिसचे साहेब गोठा बघायला आले. साचलेलं मूत, अमोनियाचा भपका, साहेबांच्या डोळ्यांतून धारा! वहिनी धावत आल्या, "साहेब, रडू नका, म्हैस आते बरी शे!"

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नाली आणि खड्डा मंजूर केला. खड्ड्यातलं आता शेजारच्या उसाला जातं. साहेबांचं भलं होवो.

*

मग खरी पंचाईत झाली. वहिनींच्या दुधात युरिया जास्त निघाला. मंडळीचे सेक्रेटरी जयंतीभाई भर रांगेत म्हणाले, "यूरिया मिलाया है, बेन. कल से दूध बंद!"

अर्धं घर त्या दुधावर चालायचं. पण वहिनींना झोंबला तो आळ. "भाऊ, मी दूधमा कधी पानीबी नही टाकं!"

पेंड अती झाली की दुधातही युरिया वाढतो, हे मी परोपरीने सांगितलं. जयंतीभाई ऐकेनात. शेवटी म्हटलं, समोर धार काढून तपासा. आले बिचारे. सडातून थेट बाटलीत धार, तपासली, तर तोच रिझल्ट! जयंतीभाई बाटलीकडे बघतात, म्हशीकडे बघतात.

वहिनी म्हणाल्या, "आते म्हैसवर केस करा!"

*

त्या दिवशी वहिनींनी स्वतःहून माप मागितलं. पेंड घटली, हिरवा मका वाढला. दूध घटणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आतून मात्र घाबरलो होतो. आठवड्याने युरिया नॉर्मल, आणि दूध होतं तेवढंच! त्या तीन म्हशींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

*

दूध पुन्हा सुरू झालं त्या सकाळी तीच रांग, तेच लोक. वहिनींनी कॅन काट्यावर ठेवलाच नाही. ग्लास भरला आणि जयंतीभाईंपुढे धरला.

"पहिले तमे पिओ, भाई."

जयंतीभाईंनी उभ्याउभ्या शेवटच्या थेंबापर्यंत ग्लास रिकामा केला. मिशी पुसली. आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात, तोच ग्लास पुन्हा भरायला पुढे करत म्हणाले,

"बेन, हजी एक!"