मेट्रोच्या खांबांखालून आमंत्रणं

हळदीकुंकवाला फोनवरून बोलवायचं नाही, असा माझा तेव्हा कडक नियम होता. दारात जायचं, कुंकू लावायचं, 'नक्की या हं' म्हणायचं. एकीने एसएमएसवर बोलावलं तर चारचौघींत म्हटलं होतं, "हळदीकुंकू आहे की पिझ्झा?" फार शहाणी होते मी!

मंदीनंतरची ती संक्रांत. आम्ही दुबईत कुसैसला राहायचो. ह्यांची नोकरी कशीबशी टिकली होती, गाडी मात्र विकली होती. लेक कॉलेजसाठी पुण्याला गेलेली. मागे राहिली तिची गुलाबी सायकल, हँडलला झिरमिळ्या लावलेली. मी तिच्यावरूनच आमंत्रणाला निघाले. फोनवर लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, यू? ऑन माय सायकल? सीरियसली?"

हसायचंच ध्यान होतं. पन्नाशीची बाई, ओढणी कमरेला खोचलेली, डोक्यावर ह्यांची क्रिकेटची टोपी, पुढच्या बास्केटमध्ये कुंकवाचा करंडा.

आमच्या बाजूची मेट्रो अजून सुरू व्हायची होती. वर रूळ टाकायचं काम रेंगाळलेलं, आणि खांबांच्या ओळीखालून सपाट केलेल्या मातीची पट्टी लांबच लांब गेलेली. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. सावली, ऊन, परत सावली. वाटेत कुणी नसताना मी घंटी वाजवत होते. कुणाला, देव जाणे.

पहिल्या दारी बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. दुसरीकडे वॉचमनच म्हणाला, "वो मॅडम? खलास. फॅमिली इंडिया गया." तिसऱ्या दारावर भाड्याची पाटी. त्या दिवसांत कुणी जाताना सांगत नसे. नोकरी गेली हे कोण सांगत फिरणार? एक फोन केला असता तर घरबसल्या कळलं असतं. पण कळायलाच नको होतं मला. एकजण तरी घरी यावी, एवढंच मनात धरून पुढचं पायडल मारत होते.

शेवटची राहिली होती ती दरवर्षी सगळ्यांत आधी येणारी आणि सगळ्यांत शेवटी जाणारी. तिने दार उघडलं. मागे हॉलमध्ये पडदेसुद्धा नव्हते. बॅगा होत्या, आणि त्यांच्या मधोमध वजनकाटा.

"अगं, ही टोपी कसली?" ती म्हणाली.

"ते सोड. हे काय?"

"आज रात्रीची फ्लाइट."

मी करंडा मागे घेतला. मग तीच म्हणाली, "लाव की. कपाळ आहे अजून जागेवर." मी हळदीकुंकू लावलं. तिनं मला लावलं. तिळगुळाचा डबा बॅगेत गेलेला, म्हणून तिने फ्रिजमधला उरलेला खजूर हातावर ठेवला.

"तुमचं कधी?"

"आमचं काही ठरलं नाही."

"मग तू कुणासाठी थांबलीयस गं इथे?"

करंड्याचं झाकण लावलं. मी वळले, तर तिने हाक मारली.

"अगं, बोलावलं कुठे अजून?"

"तू उद्या असणार आहेस का?"

"ते मी बघेन. तू रीतीनं बोलव."

मग मी टोपी काढली, ओढणी नीट घेतली आणि म्हटलं, "उद्या पाच वाजता आमच्याकडे हळदीकुंकवाला या. नक्की या हं."

"येते हो," ती म्हणाली. "इन्शाल्ला."

'देवाची इच्छा असेल तर' म्हणत गोडीत नाही म्हणायचं, हा त्या 'इन्शाल्ला'चा अर्थ एवढी वर्षं तिथे काढल्यावर दोघींनाही ठाऊक होता. हसलो. मग ती पटकन बॅगांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पाचला मी पैठणी नेसून, दार उघडं टाकून बसले. लिफ्ट मजल्यावर थांबली की उठायचे, परत बसायचे. हे ऑफिसातून आले, पसरलेली चादर बघून दारातच थबकले.

"कोण येणार आहे?"

"एकजण येते म्हणालीय," मी म्हटलं. "तुम्ही चपला बाजूला काढा."