हॅबेगरांच्या गोठ्यावरचं ऊन

इंडियानातल्या आमच्या लहानशा संग्रहालयात लॉयल हॅबेगर एकतीस वर्षं चित्रं टांगतोय. गडी गोठ्यात वाढलेला. मी चित्रांखालच्या पाट्या चिकटवते, म्हणून त्याची बडबड रोज माझ्याच कानावर.

या फेब्रुवारीत आमच्याच भागातल्या जुन्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं प्रदर्शन होतं. पहिल्या दालनात सकाळची चित्रं, शेवटच्यात सांजेची. शेवटच्या खोक्यातनं बर्फातला गोठा निघाला. गुलाबी ऊन, निळ्या सावल्या, दाराशी तांबड्या रंगाचा एकच फटकारा. आमच्या यादीतलं नाव : ‘सांजवेळ’.

लॉयलनं हातोडी खाली ठेवली. “सांज न्हाई, सकाळ हाय ही. ह्यो आमचा गोठा. अन् तांबडी शाल म्हंजे माझी आजी.”

“हॅबेगर, तुमची आजी दर प्रदर्शनात सापडते,” आमच्या प्रमुख कोरीनबाई हसल्या.

खोटं नव्हतं. आजी सांगायची, चित्रकारानं एका सकाळी तिला दुधाच्या बादलीसकट तासभर उभं केलं. दूध गोठलं, सासूनं शिव्या घातल्या. चित्र कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून गाव आधी आजीला हसायचं, मग लॉयलला.

“बाई, आमच्या गोठ्याचं दार दक्षिणेला. दाराकडं तोंड करून उभं ऱ्हायलं की उगवती उजव्या हाताला. सावली पडलीय डावीकडं. मग सूर्य कुठनं आला, तुमच्या पुस्तकातनं?”

बाईंचं हसू थांबलं. “गोठा आहे अजून?”

“छप्पर गेलंय. भिंती हायेत.”

उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं त्याच्या पिकअपमध्ये कोंबून निघालो. बाईंच्या मांडीवर चित्राचा फोटो. बाहेर कडाक्याची थंडी, तरी लॉयलच्या कपाळावर घाम. “ढग नको यायला,” एवढंच पुटपुटत होता.

सूर्य झाडांवर आला आणि बर्फ गुलाबी झालं. भिंतीची निळी सावली डावीकडं लांबत गेली, फोटोतल्यासारखीच. दाराखालचा एका बाजूला खचलेला दगडी उंबरासुद्धा तोच.

बाईंनी गळ्यातला लाल मफलर खांद्यावर पसरला आणि तडक दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. “आजी एवढी होती?”

“बुटकी होती. वाका जरा.”

बाई वाकल्या. लॉयल बघतच राहिला.

दुपारपर्यंत चित्र पहिल्या दालनात, दारासमोर लागलं. खिळा लॉयलनंच ठोकला. मी नवी पाटी चिकटवली : ‘सकाळ. दाराशी, कुटुंबाच्या सांगण्यानुसार, आयडा हॅबेगर.’

लॉयलनं ती दोनदा वाचली.

“दूध गोठलं, ते ऱ्हायलं की लिहायचं.”