मोराचं चित्र विकत घेतलं कोणी?

ते प्रकरण मी विसरलेले नाही, कारण त्यात पहिली चूक माझीच होती. तेव्हा मी नांदेडच्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

सकाळची हजेरी चालू असताना लातूरकडच्या मुरुडहून फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "तुमच्या हद्दीतला एक पेंटर संगणकावर चित्रं विकून लोकाला लुटून राहिला." दुसऱ्या दिवशी लातूर-मुरुडकडचे सात जण तक्रार द्यायला आले. त्यांनी मोबाईलवरून एका सामाईक फंडात पैसे टाकले होते. फंड माणूस चालवत नव्हता, ब्लॉकचेनवरचा, म्हणजे अनेक संगणकांवरच्या सामाईक नोंदवहीतला करार आपोआप चालवत होता. त्या पैशातून तो एनएफटी, म्हणजे मालकीची नोंद असलेली संगणकावरची चित्रं, बाजारभावाने विकत घ्यायचा. लाखाला घेतलेल्या चित्रांना आता कोणी कवडी देत नव्हतं. सगळी चित्रं त्या पेंटरची, मोर, वाघ असली.

पेंटर दुकानांच्या पाट्या आणि अर्धापूरच्या केळीच्या गाड्या रंगवायचा. मी त्याला उचलून आणलं आणि बाकावर बसवलं.

"चाचा, चित्रं तुमचीच ना?"

"हाव, माझीच."

"लाखाला विकली?"

"लाख? बाई, मला चित्रामागं पाचशे भेटले. क्लासवाले सर फोटू काढून घेऊन गेले. लाखवाला माणूस उन्हात शिडीवर चढंल का?"

"चित्रांच्या हक्काच्या कागदावर सही तुमची हाय."

"सर म्हणले करा, केली. इज्जतदार माणूस हाय म्हणून केली."

मला ते पटलं नाही. सही असली की आम्हाला पुढचं सुचत नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अटक दाखवायचं ठरवलं. अटक झाली की त्याचं काम संपलं होतं. कुठल्याही दुकानदाराने त्याला पुन्हा शिडी लावू दिली नसती.

तेवढ्यात संगणक क्लासवाले सर न बोलावता हजर झाले. लॅपटॉप, फाईल, फाईलमध्ये रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. न बोलावता तयारीने येणाऱ्या माणसाला मी आधी खुर्ची देते आणि बोलू देते.

"मॅडम, हे टेक्निकल आहे. तुम्हाला अवघड जाईल."

"माझी सातवी झालीय. सातवीला कळंल असं सांगा."

"कराराला बाहेरचं जग दिसत नाही. म्हणून फंड बनवताना मी त्याला ऑरॅकल जोडलाय. तो बाजारातला शेवटचा भाव आणून देतो. भाव मी लावतच नाही."

"म्हणजे निरोप्या. अन् बाजारात भाव कोण लावतं?"

"विकत घेणारे. जगभरातले."

"एक दाखवा."

"नावं नसतात मॅडम. फक्त पत्ते असतात, आकडे आणि अक्षरं."

मी लोह्याकडच्या बैलबाजारात बरीच वर्षं बंदोबस्त केला आहे. तिथे सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो. बाहेरच्याला कळतो तो दलाल ओरडून सांगतो तेवढाच भाव. काही दलाल आपल्याच माणसाला बैल घ्यायला लावतात, मोठा आकडा ओरडतात आणि त्या भावाने दुसरा बैल नवख्याच्या गळ्यात मारतात. ओरडणारा ओरडतो ते खरंच असतं, सौदा झालेलाच असतो. असलं धरायचं तर संध्याकाळी बैल कोणाच्या दावणीला आहे ते बघायचं.

सायबर शाखेतल्या महिला शिपायाला म्हटलं, "मोराचं चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं, वाच." ती नोंद उघडीच असते, कोणालाही वाचता येते. ती पत्त्याची शेवटची चार अक्षरं वाचत गेली, मी डायरीत लिहीत गेले. नऊ दिवसांत मोर सहा पत्त्यांवर फिरून पहिल्याच पत्त्यावर आला होता. दरवेळी भाव दुप्पट. तिथून तो फंडाला विकला होता. वाघाचंही तसंच.

"मॅडम, हा तर घरातल्या घरात पळवलाय," ती हसली.

मी डायरी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी अटक थांबवली आणि पेंटरला घरी सोडलं.

पुढचा पुरावा तिनेच काढला. ब्लॉकचेनवर प्रत्येक व्यवहाराला थोडी फी लागते. सहाही पत्त्यांवर ती फी एकाच खात्यातून आली होती. ते खातं ज्या एक्स्चेंजवर, म्हणजे आभासी चलनाच्या बाजारात होतं, त्यांना पत्र पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं, सोबत पॅन कार्डाची प्रत.

सरांना बोलावलं. या वेळी फाईल नव्हती.

"हे कार्ड तुमचंच ना?"

त्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, "वकील येऊ द्या."

पेंटरचं नाव आरोपीतून निघालं, साक्षीदारात गेलं. पण पुरे दोन दिवस तो ठाण्याच्या बाकावर सगळ्यांनी पाहिला होता. महिनाभराने साहेबांनी ठाण्याची पाटी रंगवायचं काम त्याला द्यायला सांगितलं. मी त्याच्या घरी गेले.

"नको बाई," तो दारातूनच म्हणाला. "तुम्ही सोडलं, शुक्रिया. पण तिथं मला पुन्हा उभं राहायचं न्हाई. लोक म्हणतील, फिरून आणला."

मी आग्रह केला नाही. यातून मी शिकले ते एवढंच: चित्र कोणाचं, हे मी आधी विचारलं. घेतलं कोणी, हे आधी विचारलं असतं तर तो माणूस बाकावर बसलाच नसता. पाटी दुसऱ्याकडून रंगवून घेतली.