सशाच्या फेऱ्या

ससा का पडायचा ते मला आजही सांगता येणार नाही. पण कधी पडायचा ते मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. घरात ते माहीत असणारी मी एकटी, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याशी बोलायची मला मुभा नव्हती. इतकी वर्षं झाली, पण या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आता तो जावा असंही वाटत नाही.

माझं माहेर सांगवीचं. कालव्याच्या पाण्यावर वडील कोबी, गाजर, वांगी करायचे आणि बारामतीच्या बाजारात घालायचे. तिथल्या एका व्यापाऱ्याने हौसेने ससे पाळले होते. त्यातला एक पांढरा त्याने वडिलांना दिला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी गेले, तर अंगणात हा बसलेला. चार दिवसांत तो माझ्या मागे मागे फिरायला लागला. निघताना आई म्हणाली, "घिऊन जा. हितं मांजरं लई झाल्यात." मग वांग्याच्या पाटीत गवत घालून, वर फडकं बांधून मी त्याला एस.टी.ने सासरी आणला. बारामतीहून इंदापूर, तिथून बावडा. स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती, आणि सासरी जाणाऱ्या नव्या सुनेच्या मांडीवर ससा हे दृश्य सगळ्या गाडीने मान वळवून वळवून पाहिलं.

सासरी ऊस होता आणि दावणीला चार बैल होते. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, गाव त्यांना आबा म्हणायचं. जनावरांतलं त्यांना फार कळतं, असा त्यांचा लौकिक होता. बैल विकत घ्यायचा तर चार गावचे लोक त्यांना बाजाराला घेऊन जात. माणूस तापट, पण सशाला पाहिलं आणि विरघळला. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः लसूणघास कापून आणला आणि उकिडवे बसून त्याला एकेक काडी भरवली. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मला हळूच म्हणाल्या, "माझ्या पोरांस्नी बी यांनी असं कवा भरवलं न्हाय."

त्या घरात सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा नेम होता. मामंजी ओसरीवरून आत्याबाईंना सांगत, "तिला म्हनावं, च्या ठेव." मी तीन हातांवर दाराआड उभी असे. चहा ठेवत असे. काही सांगायचं झालं तर मी आत्याबाईंना सांगायचं आणि त्यांनी पुढे घालायचं. इतर सगळं या पद्धतीने बरं चाललं होतं. मीठ संपलं, पीठ दळून आणायचंय, माहेरचा निरोप आलाय, यात काही अडत नव्हतं. सशाचं मात्र अडलं.

पहिल्यांदा तो पडला तेव्हा अंगणात एक उपरं कुत्रं शिरलं होतं. ससा अंगणभर पळाला, कणगीखाली घुसला. कुत्र्याला मी हाकललं, तसा तो बाहेर आला, दोन पावलं टाकली आणि कुशीवर कलंडला. डोळे उघडे, मान ढिली, चारी पाय मऊ पडलेले, पोट तेवढं भराभर हलतंय. मला वाटलं गेला. सूपभर बाजरी पाखडून व्हावी एवढा वेळ तो तसाच होता. मग कान हलले, उठला, आणि काहीच झालं नाही असं दाखवत पाला कुरतडायला लागला.

दुसऱ्यांदा पडला तो शेजारची पोरं त्याच्या मागे धावली तेव्हा. तिसऱ्यांदा, बैल दावं तोडून अंगणात उधळला तेव्हा. उन्हात पडला, थंडीत पडला, भरल्या पोटी पडला, रिकाम्या पोटी पडला. पण धावल्याशिवाय नाहीतर घाबरल्याशिवाय एकदाही पडला नाही. सगळ्यांत महत्त्वाचं मला कळलं ते हे, की पडण्याआधी तो कान पाठीला चिकटवतो आणि नाक हलवायचं थांबवतो. सशाचं नाक कधी थांबत नाही. ते थांबलं की समजावं.

ही माझी माहिती. आता घराचं ऐका. आत्याबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून त्यांनी चुलीत टाकल्या. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, सोंग घेतंय, जवळ घ्यावं म्हणून पडतंय. आणि मामंजींनी निकाल दिला, "बसकं झालंय."

बसकं म्हणजे काय, तर पावसाळाभर गोठ्यात उभा राहिलेला बैल पुढे विहिरीच्या मोटेला जुंपला की धावेच्या उतारावर मटकन बसतो. चरबी चढलेली असते, अंग आखडलेलं असतं. त्याला रोज थोडं थोडं चालवायचं, दम वाढवायचा, की महिन्यात बैल उभा राहतो. मामंजींनी असे कितीतरी बैल उभे केले होते. ससा तर दिवसभर बसून खातो. मग औषध काय? चालवा त्याला.

ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. जनावर धावलं की पडतंय, आणि उपाय काय तर धाववा!

मामंजी जे करत ते मनापासून करत. त्यांनी जुन्या धोतराच्या किनारीचा मऊ पट्टा शिवला, त्याला दोरी लावली, वर बैलाला बांधतात तसला लाल गोंडा अडकवला. गोठ्यापासून तुळशीपर्यंत एक फेरी. रोज दुपारी, पहिल्या दिवशी तीन, मग पाच. ससा उड्या मारायचा, दमायचा, बसायचा. मागून ते काठीने जमिनीवर टकटक करायचे, तसा तो पुन्हा उडायचा. मामंजींचा चेहरा फुलून जायचा.

मी आत्याबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मामंजींना सांगा, त्याला पळवू नका. पळाला की पडतोय तो."

त्यांनी संध्याकाळी जेवण वाढताना काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची फेरी बंद झाली. मी खूश. तर त्याऐवजी सकाळी गारव्याला एकदा आणि दिवस कलताना एकदा, अशा दोनदा फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं बोलणं आत्याबाईंनी मऊ करून वाढलं, "उन्हाचं नगं म्हनती" एवढंच काहीतरी सांगितलं, अशी मी समजूत करून घेतली.

आठ दिवसांनी ससा फेरीतच पडला. त्याला मांडीवर घेऊन मामंजी पाणी शिंपडत बसले. मी पुन्हा आत्याबाईंच्या मागे लागले. कान सांगितले, नाक सांगितलं. "त्यांना म्हणावं, नाक बघा. नाक थांबलं की तुम्ही थांबा." आत्याबाई नुसत्या "व्हय व्हय" म्हणाल्या.

शेवटी मामंजींनीच ठरवलं की इंदापूरला गुरांच्या डॉक्टरला दाखवायचं. बाजाराच्या दिवशी ते आणि मालक सशाला पाटीत घालून गेले. मी कुठली जाणार? पोतंभर कामं होती, आणि सून सशाला घेऊन दवाखान्यात गेली असती तर गावाला वर्षभर पुरलं असतं. दिवसभर मी दाराकडे बघत होते.

मालक हसतच घरी आले. म्हणाले, "डॉक्टर म्हनला, बैल आसता तर सांगितलं आसतं, सशाचं मला जास्त ठावं न्हाय. मग लई इचारलं त्यानं. पडायच्या आदी काय करतो, पाय ताठ होत्यात का ढिलं, किती येळ पडतो. आमाला काय म्हाईत? आमी म्हनलं, घरात सून हाय, ती बघती त्याच्याकडं. तर म्हनला, मग तिला का न्हाय आणलं?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ताकदीची पूड दिली आन् आलो."

मला हसू आलं नाही. इंदापूरला एक शहाणा माणूस माझं म्हणणं ऐकायला तयार होता, आणि हे दोघं तिथे माना हलवून परत आले. मी त्या रात्री मालकांना सगळं सांगितलं. ते कूस बदलून म्हणाले, "आबांना कोन सांगनार? तूच सांग," आणि झोपले. तूच सांग!

पूड सुरू झाली, तशा फेऱ्या वाढल्या. औषध चाललंय म्हणजे जनावर सुधारणारच.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे लख्ख आहे. सकाळची वेळ. आत्याबाई उसाला पाणी धरलेल्या गड्यांची न्याहारी घेऊन मळ्यात गेलेल्या, मालक साखर कारखान्यावर. मामंजींकडे बैल बघायला दोन पाहुणे आले होते. बैल बघून झाले, तशी मामंजींना हौस आली. त्यांनी सशाला पट्टा बांधला. "बगा, जाग्यावरून उठत न्हवता. आता कसा चालतोय बगा!"

पाहुणे हसले, टाळ्या वाजवायला लागले. ससा गोठ्याकडून सुटला, तुळशीला वळसा घालून आला, पुन्हा सुटला. मी दाराआड पोतेरं हातात घेऊन उभी. तिसऱ्या फेरीला त्याचे कान पाठीला चिकटले. मी नाकाकडे बघितलं. नाक थांबलं होतं.

ज्यांच्यातर्फे सांगायचं ते माणूस घरात नव्हतं. समोर परके पुरुष. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही, थोडाच असेल. मग उंबरा ओलांडून डोक्यावरचा पदर सावरायच्या आत मी ओरडले, "मामंजी, सोडा त्याला!"

त्या घरात मी त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. तिघांनी वळून पाहिलं. सशाने माझा आवाज ऐकून दोरी ताणेल एवढी उंच उडी मारली आणि खाली पडला. मी धावत गेले. मान ढिली होती, पाय मऊ. सूपभर बाजरीची वेळ गेली, दोन सुपांची गेली. पोट हललं नाही. पाहुणे कधी निघून गेले कळलं नाही. मामंजी पट्टा सोडायला लागले, पण त्यांना गाठ सुटेना, शेवटी मीच सोडली.

त्यांनी त्याला लसूणघासाच्या वाफ्याशेजारी पुरला. दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आत्याबाई चुलीपाशी होतो, तर ते सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला ठावं हुतं?"

मी पदर ओढला. म्हटलं, "व्हय."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

माझा संताप असा उसळला की मला चूल दिसेना. इतके दिवस आत गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "सांगितलं होतं, मामंजी. दोनदा सांगितलं. तुमच्यापर्यंत आलं नाही." आणि मी आत्याबाईंकडे बघितलं. आता काय बोलणार त्या, असं बघितलं.

आत्याबाईंनी हातातली भाकरी परातीत ठेवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मामंजींना म्हणाल्या, "आलं हुतं. तिनं जसं सांगितलं तसं मी सांगितलं. कान सांगितलं, नाक सांगितलं. 'पोरगी म्हनती' म्हनल्यावर तुमी फुडचं ऐकलं कुठं? उन्हानं आसंल म्हनून दुपारची फेरी तेवडी बंद केली."

महिनाभर मी ज्या बाईवर मनातल्या मनात दात खात होते, तिने माझा शब्द न् शब्द पोचवला होता. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. बसले नाही.

मामंजी खाली बसले, तिथेच, दारात. म्हणाले, "आता सांग. समदं सांग."

मी सांगितलं. पहिल्या कुत्र्यापासून सांगितलं. कधी पडायचा, किती वेळ, पाय कसे, डोळे कसे. ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले, मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांनी असं ऐकलेलं बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला उलट जास्तच चीड आली. ऐकता येत होतं या माणसाला! आणि ससा वाफ्याशेजारी मातीत होता.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. तो माझ्या ओरडण्याने उडाला होता. मामंजींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे वीस वर्षं ते माझ्याशी समोरासमोर बोलले, भांडलेसुद्धा, पण ते त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही.