एका जागेची मिसळ

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे मी लिहिणं हे थोडं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. चूक झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. लिहितोय ते एवढ्यासाठीच, की वसतिगृहातल्या एका प्रकरणात मी खरं बोललो आणि त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

आमचं वसतिगृह कोथरूडला होतं. कॉलेजच्या समितीवर वसतिगृहाची एकच जागा होती. उन्हाळ्यात वसतिगृह उघडं ठेवायचं की नाही, हे ती समिती ठरवायची. माझ्याच तालुक्यातला माझा खोलीमित्र त्या जागेसाठी उभा राहिला. मे महिन्यात पुण्यात राहून त्याला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच विषय होता. गावी परत गेलो तर पुन्हा निघणं होणार नाही, असं तो म्हणायचा.

समोर एका बिल्डरचा पुतण्या होता. वसतिगृहात त्याची खाट नावापुरती होती. मतदानाच्या आदल्या सकाळी त्यानं तीसेक जणांना कसबा पेठेत नेऊन मिसळ खाऊ घातली. मीही गेलो. दुसऱ्या दिवशी मताची चिठ्ठी हातात घेतली तेव्हा ती मिसळ आठवली. आमच्याकडे ज्याचं खाल्लं त्याच्यावर उलटणं नीच समजतात. मी त्याचं नाव लिहिलं. मित्र तीन मतांनी पडला.

त्यानं तक्रार केली. चौकशी आमच्या इतिहासाच्या सरांकडे आली; त्या समितीचे अध्यक्षही तेच होते. योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या निवडणुकांवर निबंध दिला होता. तिथे उमेदवार मतदारांना दारू पाजत, पैसे वाटत. चौकशी आयोगापुढे सगळं खरं सांगणाऱ्या साक्षीदाराला शिक्षेपासून संरक्षणाचा दाखला मिळे. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. अख्खं गावच विकलं गेल्याचं सिद्ध झालं तर संसद त्या गावाची जागाच काढून घेई, हेही मी लिहिलं होतं. पण ते नुसतं लिहिलं होतं.

मित्र म्हणाला, "सांगून टाक ना बे सगळं. तू खरं बोलला तर बाकीचेही बोलतील."

मी सांगितलं. कोण कोण आलं होतं, किती प्लेटा झाल्या, आणि शेवटी माझं मत कुणाला गेलं तेही. मित्र शेजारीच उभा होता. त्याला ते तेव्हाच कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे आपण एका प्लेटीत विकले गेलात. पाव जादा घेतला होतात का?"

कुणीतरी हसलं. मी हो म्हणालो, कारण घेतला होता.

निकाल दोन दिवसांनी लागला. बिल्डरच्या पुतण्याची निवड रद्द झाली. मित्राला वाटलं, आता जागा आपली. सर म्हणाले, "अहो, जागा कसली? मतदारसंघच नासका निघाला. यांच्या निबंधात उपाय दिलाय, वाचून घ्या." समितीवरची वसतिगृहाची जागाच त्यांनी बंद केली. निबंधाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

एप्रिलमध्ये समितीनं मे महिन्यापुरतं वसतिगृह एका कॉम्प्युटर क्लासला भाड्यानं दिलं. विरोध करायला आमचं कुणी नव्हतं. ज्या खोलीत आम्ही झोपायचो तिथे टेबलं लागली. मित्रानं पेटी उचलली आणि स्टेशनची बस धरली. मी पोचवायला येतो म्हणालो. "तू नको येऊ," एवढंच तो बोलला.

जूनमध्ये तो आला नाही. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पोळ्याच्या सुमारास बाबांनी शेजाऱ्याच्या घरून वसतिगृहाच्या फोनवर फोन केला. मी त्याचं विचारलं. बाबांच्या आवाजात कौतुक होतं. म्हणाले, "त्यानं कॉलेज सोडलं बा. पंचायतीच्या निवडणुकीत घरोघरी साड्या वाटायचं काम भेटलं त्याले. लई हुशारीनं करते म्हणतात."