पहिला पाय डावा

रविवारची उपासना सुटली की मी हल्ली फारशी रेंगाळत नाही. गुडघे कुरकुरतात, आणि घरी गॅसवर डाळ चढवायची राहिलेली असते. पण परवा शेवटचं गीत संपवून पायऱ्या उतरले, तर चर्चच्या मागच्या अंगणातून वास आला. मिठाच्या पाण्यात उकडणाऱ्या कोवळ्या तुरीच्या शेंगांचा, ओला, हिरवट, थोडा धुरकट. नवापूरच्या हिवाळ्याला हाच वास असतो. शेतांच्या बांधावरून, घरांच्या पडवीतून, कुठूनही तो येतो आणि भूक नसलेल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटतं. अंगणात कडुनिंबाखाली तीन दगडांवर हंडा चढलेला, भोवती तरुण संघातली पोरं कोंडाळं करून बसलेली, आणि हंड्यात पळी फिरवणारी ती. चोवीस-पंचवीसची झाली असेल आता. आश्रमशाळेत शिकवते, रविवारी तरुण संघ सांभाळते. मी मागेच उभी राहिले. कारण त्या पळीवर मला दुसराच हात दिसत होता, काचेच्या हिरव्या बांगड्यांचा, मनगटापाशी जरा सुजलेला.

तो हात आमच्या पाळकीणबाईंचा. पाळकसाहेबांची बदली होऊन त्या आमच्या मंडळीत आल्या त्या खालच्या सपाटीवरून, शहाद्याकडून. बोली अस्सल अहिराणी. इथली पोरं घरी मावची बोलणारी, शाळेत आणि चर्चमध्ये मराठी. पाळकीणबाईंना मावचीचे दोन शब्द धड येत नसत आणि जे येत ते चुकीच्या जागी पडत, त्यामुळे पोरं त्यांच्यावर मनापासून हसत. त्याही हसत. पोरं त्यांना मावशी म्हणत. पाळकाच्या घरच्या बाईनं कसं असावं याविषयी आमच्या महिला मंडळाची काही ठाम मतं होती, आणि मावशी त्यातल्या एकाही मतात बसत नव्हत्या. पदर खोचून अंगणात बसायच्या, मोठ्यानं बोलायच्या, आणि लांबलेल्या प्रवचनात त्यांचा डोळा लागायचा. नवऱ्याच्या प्रवचनात जरा जास्तच. मला त्या पहिल्याच महिन्यात आवडल्या.

त्या आल्या तेव्हा आमचा तरुण संघ आटत चालला होता, आणि त्याला कारण झाली होती हीच मुलगी, आज हंड्यात पळी फिरवणारी. तेव्हा ती बारावी संपवून सुरतेकडच्या कॉलेजात जायला लागली होती. हॉस्टेलवर राहायची, सुट्टीला घरी. पेटी वाजवते म्हणून चर्चचं गायनपथक माझ्याकडे, त्यामुळे अधिकारानं सांगते: तिच्यासारखा गळा या पंचक्रोशीत नव्हता. उन्हाळ्यात मामाच्या घरी लग्न होतं. मामाचं घर जुन्या चालीरीतींचं, देव डोंगरातले. तिथे ती टिमली नाचली. आमच्याकडे टिमली ठाऊक नाही असं माणूस नाही; हातात हात गुंफून रांग धरायची आणि ठेक्यावर पुढे-मागे सरकायचं. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, आणि मग एका मोबाइलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत ते आमच्या मंडळीच्या सगळ्यात थोरल्या पंचांच्या समोर आलं.

हे पंच म्हणजे ताठ कण्याचा, कडक माणूस. पोरं त्यांना आजा म्हणत, पण दुरून. त्यांच्या शब्दाला पंचमंडळात वजन होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते त्यांनी कमावलेलं होतं. आजारपण, मरण, कोर्टकचेरी, गावात कुणावर काही आलं की पहिले दारात ते. पण पोरांच्या हातातला मोबाइल त्यांना घरात शिरलेल्या सापासारखा वाटे. त्यांनी पंचमंडळात मांडलं आणि ठरलं, की मुलीला शिस्तीखाली ठेवायचं. म्हणजे प्रभुभोजनाची भाकर नाही, पथकात गाणं नाही. नाताळच्या उपासनेआधी तिनं मंडळीसमोर उभं राहून माफी मागायची. नाही मागितली, तर तिला मंडळीतून कमी करायचं.

तिनं सांगून टाकलं, "चोरी केली असती तर मागितली असती."

बापानं समजावलं, आई रडली. पोरगी हलली नाही. पथकातून ती गेली आणि तिच्यामागे निम्मा तरुण संघ गेला. आमच्या पंचमंडळानं यावर जो उपाय काढला तो आम्हीच काढू जाणे. बाहेरगावच्या एका विद्वान वक्त्यांना बोलावून 'आजचा तरुण आणि मोबाइल' या विषयावर व्याख्यान ठेवलं. दाराशी एक टोपली ठेवली, मोबाइल त्यात टाकूनच आत यायचं. वक्त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की ते समजायला मलाही कान टवकारावे लागत होते. पोरं सबंध वेळ टोपलीकडे बघत बसली होती, वासरू पलीकडे बांधलं की गाय बघते तशी. शेवटच्या प्रार्थनेत एक मोबाइल वाजला, तो वक्त्यांच्याच खिशात. पुढच्या रविवारी संघाला जी पोरं आली ती एका बाकावर मावली.

तेव्हा मावशींनी हंडा काढला. कुणाला विचारलं नाही, ठराव नाही, घोषणा नाही. उपासना सुटल्यावर निंबाखाली चूल मांडली आणि शेंगांचा वास गावावर सोडून दिला. मी जरा वैतागून विचारलं, की मावशी, याने काय होणार, पोरांशी बोलायला नको का. त्या जाळ सारता सारता म्हणाल्या, "बाई, पोरेसले सवाल करशी ते त्या काहीच सांगतस नहीत. हात गुतना का तोंड आपोआप उघडस."

आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं. उकडलेली शेंग सोलायची तर दोन्ही हात लागतात. बोटं ओली होतात, मिठानं चिकटतात. त्या बोटांनी मोबाइल धरवत नाही. टोपलीनं जे जमलं नाही ते शेंगांनी केलं, आणि तेही कुणाचा अपमान न करता. शिवाय नजर शेंगेवर असते, समोरच्याच्या तोंडावर नसते. पोरांना नेमकी तीच गोष्ट हवी असते. आम्ही मोठी माणसं त्यांना समोर बसवतो, डोळ्यांत डोळे घालून विचारतो, की बोल, मनात काय आहे. मनात असलेलं तिथेच घाबरून आत पळतं. शेंगा सोलता सोलता मात्र कुणी म्हणालं की हॉस्टेलवर रविवारी फार एकटं वाटतं. कुणी सांगितलं की फोटो टाकला आणि कुणी बघितलाच नाही तर दिवसभर जेवण जात नाही. मला आधी हसू आलं. मावशी हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की त्यांनी नवं लुगडं नेसलं आणि पाळकसाहेबांनी बघितलं नाही, की त्यांनाही तसंच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी घरी आली आणि एका रविवारी अंगणाच्या कडेला येऊन बसली. पथकात बंदी होती, शेंगांना बंदी नव्हती. पाच-सहा शेंगा सोलून झाल्यावर ती हातातल्या शेंगेकडे बघत बोलली, "मावशी, कॉलेजात पोरी माझ्या बोलण्याला हसतात. आजीचा गोंदलेला हात फोटोत दिसला, त्यालाही हसल्या. पण टिमली लागली की त्याच पोरी माझ्या मागे उभ्या राहतात, शिकव म्हणतात. तेवढीच एक गोष्ट आहे जी माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही. आणि तिचीच मी माफी मागायची?"

शाळेत सारी हयात मुलं शिकवली मी. उपदेशाची खोड जुनी, म्हणून पुढची शेंग दातांनीच सोलायला घेतली.

मावशींनी पुढच्या खेपेला शेंगा मागवल्या त्या थेट आजांच्या शेतातून. आमच्या मंडळीत रीत आहे, की ज्याच्या शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये येईल त्यानंच त्यावर आभाराची प्रार्थना करायची. ही बाई वरवर भोळी दिसायची, पण आतून पक्की होती. आजांच्या दारात जाऊन म्हणाली, "दादा, शेंगा तुम्हना वावरन्या शेतस. आभार बी तुम्हलेच मानना पडतीन." आजा आले. हंड्याजवळ उभं राहून लांबलचक प्रार्थना केली. आमेन झाल्यावर निघू लागले, तर मावशींनी त्यांच्या ओंजळीत शेंगा घातल्या. भरल्या ओंजळीनं माणूस जाणार कुठे. बसले.

समोर ती मुलगी होती. पोरं आपापल्या शेंगांवर वाकली. मग बाजूला उताणा ठेवलेला कुणाचा तरी मोबाइल वाजला, त्यावर टिमलीचा ठेका. बंद करायला ओले हात लवकर पोचेनात. दोन लहान मुली, ज्यांना पंचमंडळ वगैरे काही ठाऊक नव्हतं, उठून नाचायला लागल्या. मी आजांकडे बघितलं. मान खाली, कपाळावर आठी, आणि धोतराखाली अंगठा ठेक्यावर हलत होता. मग ते शेंग सोलत, वर न बघता, मावचीत बोलले. चर्चच्या आवारात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्यांच्या तोंडची मावची मी तिथे पहिल्यांदा ऐकली. ते म्हणाले, "पहिला पाय डावा. या उजवा टाकताहेत."

 मावशींनी नुसत्या आणखी शेंगा पुढे सरकवल्या. आजा बोलत राहिले. त्यांचा बाप होळीला रांगेच्या टोकाला असायचा, गळ्यात ढोल. आजा स्वतः कमरेएवढे होते तेव्हा बापानं बाप्तिस्मा घेतला आणि ढोल आपल्या भावाला देऊन टाकला. दे असं कुणी म्हटलं नव्हतं. नव्या वाटेवर रिकाम्या हातांनी जावं असं त्यालाच वाटलं. त्यानंतर घरात ढोलाचं नाव कुणी काढलं नाही. "मला वाटलं हे पोरांनी मोबाइलमधून आणलं," आजा म्हणाले, "गुजरातेतून आलं. हे तर माझ्या बापाचं आहे."

मुलीनं हातातली शेंग खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "मग आजा, माफी कोणी मागायची?"

आजा उठले आणि गेले. ओंजळीतल्या शेंगा अर्ध्या सोललेल्या तशाच ठेवून गेले. नाताळपर्यंत ते अंगणात फिरकले नाहीत. पंचमंडळानं निर्णय फिरवला, असंही कानावर आलं नाही. मुलीचा बाप माझ्याकडे येऊन म्हणाला, की बाई, नाताळला तिला गावातच ठेवत नाही, सुरतेलाच राहू दे, चारचौघांत तमाशा नको. मावशी त्याला म्हणाल्या, की तिला माझ्या शेजारी बसव. बाकी काही नाही.

नाताळची सकाळ. चर्च भरलेलं, कागदी तारे, नव्या कपड्यांचा वास. प्रभुभोजनाआधी माफीची वेळ आली, तसं पाळकसाहेबांनी घसा खाकरला. मी पेटीचा भाता उगाचच दोनदा ओढला. ती मावशींच्या शेजारी ताठ बसली होती, उठणार नाही हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. उठले ते आजा. शिस्तीखालची माणसं जिथे उभी राहतात, बरोबर त्या जागी वेदीपुढे जाऊन उभे राहिले आणि मंडळीकडे तोंड केलं. सबंध आयुष्यात त्या जागेवर उभं राहायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. "माझं चुकलं," ते म्हणाले. "न विचारता निवाडा केला. मी या लेकराची माफी मागतो." मग दाराकडे बघून मान हलवली. दारातून त्यांचा चुलतभाऊ आत आला, डोंगरातला, जुन्या देवांचा, ज्याच्या घरी आजांनी कित्येक वर्षांत पाणी घेतलं नव्हतं. त्याच्या गळ्यात तो ढोल होता.

पोरगी उठली. मावशींनी तिला ढकललं असावं, पण त्याची गरज नव्हती. तिनं मावचीतलं आमचं ख्रिस्तजन्माचं गीत धरलं, ढोलानं ठेका दिला, आणि माझी बिचारी पेटी धापा टाकत त्यांच्या मागे धावली. मी रडत होते आणि चुकीचे सूर वाजवत होते, आणि दोन्हीची लाज वाटत नव्हती.

उपासनेनंतरची मिरवणूक दरवर्षी बाजारातून शिस्तीत, दोन-दोनच्या ओळीनं जाते. त्या वर्षी ती हातात हात गुंफून गेली. रांगेच्या टोकाला चुलतभाऊ, त्याचा हात धरून आजा, आजांच्या दुसऱ्या हातात त्या मुलीचा हात, आणि भावाचा ढोल एका पोराच्या गळ्यात. सुरतेला निघून गेलेली, संघ सोडलेली, कुठली कुठली पोरं रस्त्यात येऊन मिळाली. नळाच्या कोपऱ्यावर एक जुने मुसलमान शिंपी आहेत, पथकाचे झगे तेच शिवतात. ते मशीन थांबवून ओट्यावर आले आणि मला म्हणाले, "बाई, औंदा नाताळले पाय फुटनात." सगळ्यांचा पहिला पाय डावा पडत होता. माझाही, जरा उशिरानं.

पाळकसाहेबांची पुढे बदली झाली. मावशींना देवाघरी जाऊन दोन हिवाळे झाले. आजा त्यांच्या आधी गेले. ढोल आता चर्चच्या कपाटाशेजारी खुंटीला असतो, आणि होळीला डोंगरात जाऊन येतो.

परवा मी निंबाखाली जाऊन बसले. पोरांनी मला जागा करून दिली. एकानं बाजूला ठेवलेल्या मोबाइलवर काहीतरी लागलं, कुठल्या देशातलं देव जाणे, आणि दोन पोरं उठून नाचायला लागली. नाच कसला, हात तुटक तुटक फेकायचे आणि तोंड दगडासारखं ठेवायचं. ना ठेका आपला, ना पाय. मला काही कळेना. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर आठी आली होती, आणि ती मी लगेच ओळखली. ओठ उघडले होते, वाक्य पार जिभेवर आलेलं होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. वाक्य गिळलं, हंड्यातून एक मूठ शेंगा काढल्या, आणि त्या नाचणाऱ्या पोरांपैकी एकाच्या ओंजळीत घालत म्हणाली, "बस. सोलता सोलता सांग, हे काय आहे?"